किकॅडला बुधवार पेठ शिकवताना

सोसायटीच्या पंपाला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवायचा आणि तो मी बनवायचा, असं कमिटीत ठरलं. सर्किट तसं किरकोळ. खालच्या टाकीत एक फ्लोट स्विच, गच्चीवरच्या टाकीत दोन, मधे ईएसपी३२ ही छोट्या कॉम्प्युटरसारखी चिप, तिच्या हुकमावर चालणारा रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) आणि रिलेच्या पुढे पंपाचा काँटॅक्टर (मोटरचा मोठा स्विच). असली कामं मी वर्षानुवर्षं झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या तयार बोर्डावर, मागच्या बाजूनं वायरी ओढून केली आहेत. पण पंपरूम दमट, बोर्डावर २३० व्होल्ट येणार, आणि उद्या मी गावाला असताना काही बिघडलं तर भलताच कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन आत हात घालणार. तेव्हा या खेपेला रीतसर छापील बोर्ड करायचा आणि त्यासाठी डिझाइनचं सॉफ्टवेअर (शेवटी निवडलं ते किकॅड) आधी नीट लावून घ्यायचं ठरवलं. इथे लिहितोय ते त्या लावून घेण्याबद्दल. सर्किटाबद्दल पुन्हा कधीतरी.

एके काळी मी ईगल वापरायचो. त्याच्या फुकट आवृत्तीत दोन लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड एवढी मुभा होती आणि माझ्यासारख्याला ती पुरायची. ऑटोडेस्कनं २०१६ मध्ये ईगल घेतलं आणि पुढे ७ जून २०२६ पासून त्याची विक्री आणि सपोर्ट दोन्ही थांबवणार असं जाहीर केलं. म्हणजे आज नवं काही सुरू करायला ते बाद. ब्राउझरमध्ये चालणारी दोन-तीन सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण आमच्या पंपरूममध्ये मोबाइलला रेंज येत नाही आणि बोर्ड समोर धरून सर्किटचा नकाशा बघायची वेळ नेमकी तिथेच येते. राहिला किकॅड. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये तो सुरू केला. अलीकडच्या काळात जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेनं त्यावर बरीच मेहनत घेतली. फुकट आहे, बोर्डाच्या आकाराला मर्यादा नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या फाइली साध्या मजकुराच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडल्या तरी काय बदललंय ते कळतं.

शेजारच्या ब्लॉकमधली मुलगी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "काका, ईसिम टाका की. कॉलेजात आम्ही तेच वापरलं." ईसिम म्हणजे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं सॉफ्टवेअर; चित्र काढायला किकॅड, सर्किट चालवून बघायला एनजीस्पाइस, असं एकत्र बांधलेलं. शिकायला उत्तम. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही मिळतात, ज्यांना हवे त्यांनी जरूर बघावेत. माझा भर बोर्डावर होता, म्हणून मी सरळ मूळ किकॅडच घेतला. एनजीस्पाइस त्याच्याही पोटात असतंच.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. त्याच्या स्वतःच्या भांडारातून किकॅड मागवला तर ७ ची आवृत्ती येते. चालते ती छान. पण शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर ९ होती आणि माझं काम तिच्याकडून तपासून घ्यायचं होतं, म्हणून मलाही ९ च हवी होती. किकॅडचा नियम सोपा: जुन्या आवृत्तीची फाइल नव्यात उघडते, नव्यात सेव्ह केलेली जुन्यात उघडत नाही. जे कोणी कामात असतील त्या सगळ्यांची आवृत्ती एक हवी, आणि ते पहिल्या दिवशीच बोलून घ्यायला हवं. उबुंटूसाठी किकॅडवाल्यांचंच वेगळं भांडार आहे, ते जोडून मी ९ बसवली. डाउनलोड चांगलंच जड आहे, कारण हजारो पार्टांची थ्रीडी मॉडेल्स सोबत येतात. मोबाइल डेटावर असाल तर मॉडेल्सचं पॅकेज मागे ठेवा. बोर्ड त्यांच्यावाचून अडत नाही, फक्त चित्रात उघडाबोडका दिसतो.

पहिल्यांदा उघडल्यावर किकॅड काही प्रश्न विचारतो. जुन्या आवृत्तीच्या सेटिंग उचलायच्या की कोऱ्या पाटीनं सुरुवात करायची? कोरी पाटी. सिम्बॉलच्या लायब्ररींची यादी कोणती घ्यायची? तयार यादी घ्या, असा सल्ला तिथेच लिहिलेला असतो, तो मानावा. पुढे फुटप्रिंटच्या यादीबद्दल हाच प्रश्न पुन्हा येतो आणि नव्या माणसाला वाटतं, आत्ताच तर उत्तर दिलं. किकॅडमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिम्बॉल म्हणजे नकाशातली खूण, फुटप्रिंट म्हणजे बोर्डावरची खरी भोकं आणि तांब्याचे पॅड. एका रेझिस्टरच्या खुणेला पाव वॅटचा आडवा, उभा, एसएमडी (भोकांशिवाय वरच चिकटवायचा), कुठलाही फुटप्रिंट लावता येतो. ईगलमध्ये दोन्ही एकत्र बांधून मिळायचं, त्यामुळे तिथून येणाऱ्याला हे सुरुवातीला खटकतं. मला मात्र नंतर हीच पद्धत बरी वाटली, का ते पुढे येईलच.

बारीकसारीक सेटिंग पटकन सांगून टाकतो. लॅपटॉप जुना असेल आणि स्क्रीनवर रेघा फाटल्यासारख्या दिसत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरचा आधार काढून साधा पर्याय निवडा. मधलं चाक दाबता येईल असा माऊस घ्या, टचपॅडवर बोर्ड काढणं म्हणजे शिक्षा आहे. आणि आपल्यापैकी जे दिवसभर मराठीत टाइप करतात त्यांच्यासाठी: कीबोर्ड इंग्रजीवर आणल्याशिवाय किकॅडला हात लावू नका. त्याचे बहुतेक शॉर्टकट एकेका इंग्रजी अक्षरावर आहेत, डब्ल्यूनं वायर, एमनं हलवणं, आरनं फिरवणं. इनस्क्रिप्ट चालू राहिलं तर बटण दाबूनही काही होत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो. नकाशाच्या पानावरची ग्रिड ५० मिलची, म्हणजे १.२७ मिलिमीटरची असते. ती बदलू नका. तयार सिम्बॉलच्या पिना त्याच मापावर बसतात. ग्रिड बारीक केली की वायर पिनेला टेकल्यासारखी दिसते, पण जोडलेली नसते.

इथवरचा भाग एका संध्याकाळचा. यापुढचं काम लॅपटॉपवर सुरूच होत नाही. त्याची सुरुवात पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत होते.

किकॅडची लायब्ररी अफाट आहे, पण ती जगाची लायब्ररी आहे. तिच्यात असलेली वस्तू बुधवार पेठेत मिळेलच असं नाही, आणि बुधवार पेठेत सहज मिळणारी वस्तू तिच्यात सापडेलच असंही नाही. माझी पद्धत उलटी आहे. आधी पार्ट आणायचे, टेबलावर मांडायचे, आणि मग सॉफ्टवेअरला सांगायचं की बाबा रे, तुझं जग एवढंच. म्हणून सगळ्यात आधी दुकानांच्या वाऱ्या केल्या. हायलिंकचा पीएम०१ पॉवर मॉड्यूल, जो २३० व्होल्ट एसी घेतो आणि ५ व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर देतो. ५ व्होल्टचा निळा, साखरेच्या चौकोनी ठोकळ्याएवढा रिले. पीसी८१७ ऑप्टो, म्हणजे दोन बाजूंना वायरीनं न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारा पार्ट, कारण गच्चीवरून सात मजले उतरून येणारी फ्लोट स्विचची वायर थेट ईएसपीच्या पिनेला जोडायची माझी छाती नाही; पावसाळ्यात तिच्यावर काय काय चढेल सांगता येत नाही. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, डायोड, हिरवे स्क्रू कनेक्टर. आणि ३० पिनांचा ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड, बर्ग स्ट्रिपमध्ये (पिना खोचायच्या पट्टीत) खोचून बसवायचा, म्हणजे जळला तर उपटून दुसरा घालता येतो. दुकानदार ओळखीचा. मी ट्रेमधला प्रत्येक रिले उलटा करून पिना बघायला लागलो तसा म्हणाला, "साहेब, सगळे सारखेच आहेत." होतेही. पण बघून घेतलेलं बरं.

घरी येऊन एकेक पार्ट लायब्ररीत शोधला. हायलिंकचा मॉड्यूल सिम्बॉल आणि फुटप्रिंटसकट तयार होता. रिलेला त्याच मापाच्या दुसऱ्या कंपनीच्या रिलेचा फुटप्रिंट मिळाला. ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफची स्वतःची लायब्ररी किकॅडच्या प्लगइन मॅनेजरमधून एका क्लिकवर उतरते, पण माझा स्वस्तातला ३० पिनी बोर्ड तिच्यात नव्हता. बाजारात हे बोर्ड ३० पिनी आहेत, ३८ पिनी आहेत, आणि दोन रांगांमधलं अंतरही सगळ्यांचं एक नाही. वर्नियर लावला, दोन पिनांमध्ये नेहमीचे २.५४ मिलिमीटर, दोन रांगांमध्ये २५.४. त्यावरून फुटप्रिंट स्वतःच काढला, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पॅड, वर यूएसबीच्या तोंडाची चौकट आणि अँटेनाच्या खाली तांबं येऊ नये म्हणून मनाई केलेला पट्टा.

सिम्बॉल काढताना पिनांची नावं नुसती आकड्यांची ठेवली नाहीत. ईएसपी३२ च्या ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिना फक्त ऐकतात, बोलत नाहीत. त्यांच्यावर रिले चालवता येत नाही आणि पिन मोकळी असताना तिला हाय धरून ठेवणारा आतला पुलअप रेझिस्टरही त्यांना नसतो. ०, २, १२ आणि १५ या पिनांकडे चिप सुरू होताना बघते आणि त्यावरून कसं सुरू व्हायचं ते ठरवते. १२ नंबरची पिन त्या क्षणी चुकून हाय असेल तर तिची समजूत होते की फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि बोर्ड सुरूच होत नाही. हे सगळं मला आज पाठ आहे, दोन वर्षांनी राहणार नाही. म्हणून नावातच घातलं: "३४ फक्त इनपुट", "१२ बूटला लो". नकाशा थोडा गजबजलेला दिसतो, दिसू दे. फुकट मिळालेल्या सुबक सिम्बॉलपेक्षा हा मला जास्त उपयोगाचा.

ट्रान्झिस्टरची गंमत वेगळी. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. आणि पी२एन२२२२ नावाचा जो येतो, तो पुन्हा बीसी५४७ सारखा. नावात फक्त एका आकड्याचा फरक, पाय उलटे. दुकानात "२२२२ द्या" म्हटलं की हातात कोणता पडेल हे डब्यावर अवलंबून. सिम्बॉल आणि फुटप्रिंट वेगळे असण्याचा फायदा मला इथे कळला: टीओ-९२ चा, म्हणजे या तिपाई ट्रान्झिस्टरच्या खोक्याचा, फुटप्रिंट तोच राहतो, कोणत्या नंबरच्या पिनेला कोणता पाय हे सिम्बॉल सांगतो, आणि माझ्या स्वतःच्या लायब्ररीत मी फक्त बीसी५४७ ठेवला. २२२२ ला या घरात प्रवेश नाही.

ही माझी लायब्ररी किकॅडच्या मुख्य यादीत न टाकता प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवली. किकॅडमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरसाठी एक आपोआप बदलणारा पत्ता असतो. लायब्ररीचा रस्ता त्या पत्त्यापासून लिहिला की फोल्डर उचलून कुठल्याही लॅपटॉपवर ठेवा, सगळं जागच्या जागी सापडतं. तो रस्ता माझ्या होम फोल्डरच्या नावानं लिहिला असता तर शेजारच्या मुलीच्या विंडोजवर सगळ्या लायब्ररी हरवल्या असत्या.

फुटप्रिंट बरोबर आहे की नाही हे स्क्रीनवर कितीही मोठं करून बघितलं तरी कळत नाही. कागदावर कळतं. सगळे पार्ट एका कोऱ्या बोर्डावर मांडले आणि एकास एक मापात प्रिंट काढली. प्रिंटरला "पानात बसव" असं सांगितलेलं असेल तर तो गुपचूप तीन-चार टक्के लहान करतो, म्हणून बाजूला १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवायची आणि आधी पट्टीनं ती मोजायची. मग कागद थर्माकोलवर ठेवला आणि रिले घेऊन छापील भोकांवर दाबला. पाचही पाय कागद फोडून सरळ खाली गेले. ईएसपीचा बोर्ड ठेवला, तीसही पिना गेल्या. हिरवा कनेक्टर मात्र अडला. लायब्ररीतून उचललेला ५.०८ मिलिमीटरचा होता आणि हातातला ५ चा. दोन पायांना हा फरक जाणवत नाही; मी आणलेला सहा पायांचा, तिथे शेवटच्या पायापर्यंत ०.०८ मिलिमीटर पाच वेळा साठून एकूण फरक ०.४ मिलिमीटरचा होतो आणि पाय भोकाच्या कडेला घासतो. फुटप्रिंट बदलला, पुन्हा छापला, बसला.

आता बोर्ड बनवणारा. भोसरीत ओळखीतून एक पीसीबीवाला सापडला, नगाच्या हिशेबानं कमी संख्येतही करून देतो. त्याला फोन करून आधी एवढंच विचारलं की तुमच्या मशीनला काय जमतं. उत्तर व्हॉट्सॲपवर आलं: १.६ मिलिमीटर एफआर४ (फायबरग्लासचा पत्रा), ३५ मायक्रॉन तांबं, सगळ्यात बारीक ट्रॅक आणि त्यांच्यातलं अंतर, सगळ्यात बारीक ड्रिल, खाच पाडायचा सगळ्यात बारीक कटर १ मिलिमीटर. हे आकडे मी तसेच्या तसे किकॅडच्या बोर्ड सेटअपमध्ये भरले. किकॅड सुरुवातीला ०.२ मिलिमीटरचा ट्रॅक आणि ०.२ चं अंतर धरून चालतो. ते मोठ्या कारखान्याला ठीक, पण माझ्यासारख्या हातानं सोल्डर करणाऱ्याला कशाला एवढं बारीक? साध्या सिग्नलला मी ०.४ ठेवलं. किकॅडच्या स्वतःच्या कॅल्क्युलेटरमध्ये बघितलं तर १ अँपिअरला, १० अंश तापमानवाढ धरून, ०.३ मिलिमीटर पुरतात. काँटॅक्टरची कॉइल तेवढंही ओढत नाही. तरी २३० व्होल्टचे ट्रॅक २ मिलिमीटर केले. तांबं बोर्डावर आधीच आहे. ते ठेवलं काय आणि केमिकलमध्ये धुऊन टाकलं काय, पैसे तेवढेच.

यानंतर नेट क्लास, म्हणजे वायरींचे गट. फेज, न्यूट्रल आणि रिलेच्या काँटॅक्टकडच्या वायरी एका गटात टाकल्या, त्याला नाव दिलं "मेन्स". बाकी सगळं दुसऱ्या गटात. आणि नियम लिहिला की मेन्स आणि इतर यांच्यामध्ये हवेतून ३ मिलिमीटर आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून ६ मिलिमीटर अंतर हवंच. किकॅडमध्ये हे नियम मजकुरात लिहायचे असतात, कंस जुळवत, आणि ९ मध्ये पृष्ठभागावरून मोजलं जाणारं अंतर तपासायची वेगळी सोय आली आहे. दमट पंपरूममध्ये धूळ आणि ओल मिळून बोर्डाच्या पाठीवरूनच वाट काढतात, त्यामुळे मला तीच जास्त महत्त्वाची.

खऱ्या सर्किटाला हात लावण्याआधी एक रंगीत तालीम केली. फक्त एक कनेक्टर, बेसचा रेझिस्टर, बीसी५४७, डायोड आणि रिले. एवढ्याच चिमुकल्या बोर्डाला नकाशापासून गर्बर फाइलपर्यंत (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या लेयरच्या फाइली) सगळ्या पायऱ्यांवरून नेलं. नकाशा तपासायला दिला तर ईआरसीनं, म्हणजे नकाशातल्या चुका शोधणाऱ्या तपासणीनं, लगेच तक्रार केली की पॉवरच्या पिनेला पॉवर देणारं कुणी नाही. नवीन माणूस इथे हमखास घाबरतो. कनेक्टरमधून येणारा पुरवठा किकॅडला पुरवठा वाटत नाही; तिथे पॉवर फ्लॅग नावाची एक खूण लावायची, की तक्रार मिटते. बोर्डावर तिचा काही अवतार नसतो.

नकाशावरून बोर्डावर गेलो, रिले ठेवला, एकही ट्रॅक काढला नव्हता, आणि डीआरसीनं, म्हणजे बोर्डाचे नियम तपासणाऱ्या तपासणीनं, लाल बाण दाखवला. अंतराचा नियम मोडला. रिले उलटा करून बघितलं. या जातीच्या रिलेत कॉइलचे दोन पाय १२ मिलिमीटर अंतरावर असतात आणि कॉमनचा पाय, म्हणजे ज्यावर २३० व्होल्ट येणार तो, बरोबर त्यांच्या मधे, दोन मिलिमीटर मागे. पॅडची जाडी वजा केली तर ५ व्होल्टपासून २३० व्होल्टपर्यंत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास उरतात. रिलेच बदलायचा म्हणजे पुन्हा बाजार. दुसरा उपाय, कॉमनच्या पॅडभोवती इंग्रजी यूच्या आकाराची आरपार खाच. बाजारातले तयार रिले मॉड्यूल उलटे करून बघा, चांगल्यांना ही खाच दिसेल. बोर्डाच्या कडेच्या लेयरवर १ मिलिमीटर रुंदीची खाच काढली, पृष्ठभागावरून जायची वाट लांबली, लाल बाण गेला. आधी नियम लिहिला नसता तर हा बोर्ड निमूटपणे छापून आला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं.

तालमीतच एनजीस्पाइसही चालवून बघितलं. स्पाइस हा प्रोग्रॅम मूळ बर्कलेच्या विद्यापीठातला, १९७३ चा. त्याचीच पुढची पिढी आज किकॅडच्या आत आहे. रिलेची कॉइल म्हणजे ७० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये एक इंडक्टर असं धरलं. ५ व्होल्टला ७१ मिलिअँपिअर. ईएसपीची पिन ३.३ व्होल्ट देते, बेसला १ किलोओहम, म्हणजे अडीच मिलिअँपिअरच्या वर बेस करंट. बीसी५४७ ला ते भरपूर. त्याची स्वतःची मर्यादा १०० मिलिअँपिअरची, म्हणजे चालेल, पण एका ट्रान्झिस्टरवर दोन रिले टाकायचा मोह नको. मग कॉइलवरचा डायोड मुद्दाम काढून रिले बंद केला. कलेक्टरचा आलेख सरळ स्क्रीनच्या बाहेर गेला, काहीशे व्होल्ट. मॉडेलमधला ट्रान्झिस्टर मरत नाही म्हणून तो एवढा वर जातो. खरा ४५ व्होल्टचा आहे, तो कधीच गेला असता. डायोड परत लावला, आलेख पुरवठ्याच्या जेमतेम वर येऊन थांबला. शेजारची मुलगी बघत होती, म्हणाली, "हे आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं, असं दिसतं होय!"

एक हौसेची गोष्ट. बोर्डावरची अक्षरं मला मराठीत हवी होती, कारण बोर्डासमोर उभा राहणार तो वॉचमन. किकॅडमध्ये पूर्वी फक्त त्याची स्वतःची काडीसारखी अक्षरं चालायची; २०२३ मध्ये आलेल्या ७ पासून कॉम्प्युटरमधला कुठलाही फॉन्ट चालतो, आणि देवनागरीतल्या काना-मात्राही जागच्या जागी बसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट घेतला, तोही ठळक. सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छपाईत, बारीक रेघ टिकत नाही आणि देवनागरीत पहिली तुटते ती शिरोरेषा. "वरची टाकी", "खालची टाकी", "मोटर", "२३० व्होल्ट, हात लावू नका". उंची ३ मिलिमीटरच्या खाली आणली नाही. ९ मध्ये फॉन्ट बोर्डाच्या फाइलमध्येच भरून ठेवता येतो, ती खूणही करून ठेवली, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर भलताच फॉन्ट येऊन बसतो.

तालमीच्या बोर्डाच्या गर्बर आणि ड्रिल फाइली काढल्या, किकॅडच्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये एकेक लेयर उघडून बघितल्या आणि झिप करून भोसरीला पाठवल्या. बनवायला नाही, नुसत्या उघडतात का ते बघायला. उत्तर आलं, "सर, फाइल ओके आहे. फक्त स्लॉट ड्रिल फाइलमध्ये द्यायचा का आउटलाइनमध्ये ते आधी सांगत जा." आउटलाइनमध्येच आहे असं कळवलं. इथे गप्प राहिलं तर कारागीर आपल्या समजुतीनं करतो, आणि कधी कधी खाच राहूनच जाते.

मग हा सगळा संसार, म्हणजे भोसरीचे आकडे, मेन्सचा गट, अंतराचे नियम, माझी लायब्ररी, पानाच्या कोपऱ्यातली नावाची चौकट, एका कोऱ्या प्रोजेक्टमध्ये ठेवून त्याचा टेम्प्लेट केला. पुढच्या वेळी नवीन प्रोजेक्ट काढताना तोच निवडायचा. फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकला. किकॅड स्वतः बॅकअपच्या झिप बनवत राहतो, त्या आणि ज्याच्या-त्याच्या स्क्रीनच्या सेटिंगची फाइल तेवढी बाहेर ठेवली. सोल्डरिंगच्या वेळी कोणता पार्ट कुठे हे ब्राउझरमध्ये दाखवणारं एक प्लगइनही प्लगइन मॅनेजरमधून उतरवून ठेवलं.

टेम्प्लेटवरून पंपाचा प्रोजेक्ट उघडला त्याच संध्याकाळी खाली वॉचमन भेटला. काय चाललंय ते त्याला सांगितलं, फ्लोट, मोबाइलवर मेसेज, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे साहेब, पण तुमचं मशीन बंद पडलं तर हातानं मोटर चालू करायला बटण आहे ना?" नव्हतं. वर येऊन पहिला सिम्बॉल ठेवला तो ऑटो, बंद आणि मॅन्युअल अशा तीन जागांच्या सिलेक्टर स्विचचा, आणि त्याच्या तिन्ही वायरी मेन्सच्या गटात टाकल्या.